माहेरपणाचे चार दिवस

प्रिय धाकटे,

तुला हाताने पत्र लिहून किती वर्षं झाली ते आता आठवतही नाही. फोन केला तर तू मीटिंगमध्ये असतेस. मेसेज टाकला तर अंगठा पाठवतेस. समोर येतेस तेव्हा बरोबर चार पाहुणे असतात आणि त्यांच्यासमोर मला तुझी कौतुकाने हसणारी मोठी बहीण व्हावं लागतं. ते काम मी आजवर चोख केलं, पण आता हसून हसून गाल दुखायला लागलेत गं. तेव्हा पत्रच बरं. पत्राला मध्येच थांबवून, ताई नंतर बोलू, असं म्हणता येत नाही. फाडता येतं, पण त्याआधी निदान वाचावं लागतं.

इकडे सर्व ठीक असं लिहायची रीत असते. इकडे काहीही ठीक नाही. आईचा खोकला मागच्या थंडीत सुरू झाला, उन्हाळाभर राहिला आणि आता दुसरी थंडी आली तरी तो मुक्कामाला आहेच. गेल्या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, फोटो काढायला सांगितला आणि विचारलं, झोपायच्या खोलीत ओल आहे का. आई म्हणाली, आहे, पण ती माझ्यामुळे आहे. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग आईने त्यांना नीट समजावून सांगितलं की आपण कधीकधी भांड्यावर झाकण ठेवायला विसरतो, टॉवेल खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकतो, आणि अलीकडे झोपेत तोंडाने श्वास घ्यायची सवय लागलीय, त्याचीही वाफ होत असणार. पंचाहत्तर वर्षांची बाई स्वतःच्या श्वासाबद्दल माफी मागत होती. मी शेजारच्या खुर्चीत खाली मान घालून बसले होते, कारण ती ओल कशाची आहे ते मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे.

आता म्हणशील, ताईने पुन्हा तेच दळण सुरू केलं. हो, तेच. आई राहते ती तुझी पहिली इमारत, आता दुसरी मंजुरीला गेलीय. ती दोनशे चाळीस घरांची आहे आणि समितीची बैठक पंधरा दिवसांवर आलीय, हे मला कारखान्याच्या फळ्यावर लावलेल्या नोटिशीवरून कळलं. सख्ख्या बहिणीकडून कळलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं, पण असो. भिंतींत घालायचे फोमचे बोर्ड आमच्याच कारखान्यातून जाणार आहेत, आणि ते सहा दिवसांत काढलेले असणार आहेत. म्हणजे दोनशे चाळीस घरांतली माणसं पुढच्या थंडीत आपापल्या श्वासाबद्दल माफी मागत फिरणार. ते होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी मला जे जे सांगावं लागेल ते मी सांगणार आहे. त्यात माझीही लक्तरं निघतील. निघू देत.

तुझं ते पत्रक आईने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर लावलंय. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी, जरासुद्धा वाकडं नाही. वर मोठ्या अक्षरांत ‘आपली इमारत, आपली जबाबदारी’ आणि खाली सूचना. झाकण ठेवून शिजवा. ओले कपडे घरात वाळवू नका. भिंत रोज कोरड्या फडक्याने पुसा. सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडा. आईला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मीच ते तिला तीन वेळा वाचून दाखवलं. लेकीने लिहिलेलं म्हणून तिने ते पाठ केलं. तू सकाळ-संध्याकाळ लिहिलंस, ती गेल्या आठवड्यापर्यंत दिवसभर खिडक्या उघड्या ठेवायची, कारण तिच्या मते जास्त केलं तर गुण लवकर येईल. अंगात दोन स्वेटर, वर शाल, पायात मोजे आणि खोलीभर बाहेरचा गार वारा. पायाशी हीटर असायचा, तो बिचारा दिवसभर रस्ता गरम करायचा. या इमारतीला हीटर जवळजवळ लागणारच नाही, वीज किती वाचेल, धूर किती कमी होईल, याची तू व्यासपीठावर उभी राहून भाषणं केलीस. त्या इमारतीत आपली आई खिडकी सताड उघडी टाकून हीटरपुढे कुडकुडत बसायची. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

आणि ती एकटी नाही. तिच्या शेजारी त्या शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात ना, त्यांच्या कपाटातल्या कापडाला बुरशी आली. गिऱ्हाइकाचं कापड, नवंकोरं. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी ठरवून टाकलं की सगळ्या इमारतीतली ओल यांच्या वाफेच्या इस्त्रीमुळे होते. आधी टोमणे झाले, मग जिन्यात भांडण झालं. आता बाई शिवलेले कपडे पिशवीत भरून दोन बस बदलून बहिणीकडे इस्त्री करायला जातात. ओल होती तिथेच आहे. तुझ्या पत्रकाने एक मात्र झालं, छप्पन्न घरं एकमेकांच्या स्वयंपाकघरात नाक खुपसायला लागली. भिंतीत काय आहे ते कुणी विचारत नाही.

तू पहिल्यापासून अशी नव्हतीस, हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर पत्र अर्ध्या पानात संपलं असतं. आपल्या त्या एका खोलीच्या घराची उत्तरेकडची भिंत आठवते? थंडीत तिला पाठ टेकली की कुणी अंगावर ओला टॉवेल टाकल्यासारखं व्हायचं. आई रद्दी गोळा करून खळीने भिंतीवर कागदाचे थर चढवायची. तू आठ-नऊ वर्षांची असशील. तू हट्टाने एका जागी तीन थर लावून घेतलेस, दुसऱ्या जागी सात, आणि रोज सकाळी उठल्या उठल्या दोन्हीकडे गाल लावून बघायचीस. मलाही ओढून न्यायचीस. मी म्हणायचे, अगं कार्टे, शाईने थोबाड काळं झालंय, शाळेत माकड म्हणतील तुला. तू म्हणायचीस, म्हणू देत, पण सात थरांची भिंत कमी गार लागते की नाही ते आधी सांग. लागायची कमी गार. तो तुझा पहिला शोध, आणि तो तू मला आधी सांगितलास याचा मला आजही आनंद आहे.

पुढे तू शिकलीस, मी नाही शिकले. तुझ्यासाठी मी शाळा सोडली असलं रडगाणं मी गाणार नाही. मला गणित जमत नव्हतं आणि कारखान्यात जागा होती, इतकंच. पण तू जे काम निवडलंस त्याचा मला फार अभिमान होता. घरातली ऊब घरात टिकली तर जाळायला कमी लागतं, आणि कमी जाळलं तर सगळ्यांचीच हवा कमी बिघडते. किती सरळ गोष्ट. तू त्या भिंती कागदावर आखायचीस आणि त्या भिंतींच्या पोटात जाणारा फोम मी सांभाळायचे. आपण दोघी एकच काम दोन टोकांनी करतोय असं मला वाटायचं. लोकांना सांगतही सुटायचे. तुझे भावोजी वैतागून म्हणायचे, बस कर आता, पाव आणायला गेलो तरी बेकरीवाला तुझ्या बहिणीच्या भिंतींची चौकशी करतो.

माझ्या खोलीला कारखान्यातले लोक ‘माहेर’ म्हणतात, हे पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा तू ठसका लागेपर्यंत हसलीस. फोमचा ठोकळा साच्यातून निघतो तेव्हा चांगला पलंगाएवढा असतो. बाहेरून गार आणि टणक, बघणाऱ्याला वाटावं आत्ता कापायला घ्यावा. पण पोटात तो तापलेला असतो, आतला गॅस स्थिरावलेला नसतो, आणि रोज तो थोडा थोडा आकसत असतो. म्हणून त्याला नुसतं ठेवायचं. लेक सासरी धाडायची घाई करू नका, जरा माहेरपण होऊ द्या तिचं, असं जुने कामगार म्हणायचे, त्यावरून नाव पडलं. मी रोज सकाळी ठोकळ्यावरच्या दोन खुणांमधलं अंतर मापायचे आणि वहीत मांडायचे. सलग दोन दिवस आकडा केसभराहून जास्त हलला नाही की निळा शिक्का मारायचे. त्या शिक्क्याशिवाय एकही ठोकळा कापायच्या यंत्राकडे जात नसे. बावीस वर्षं तो शिक्का माझ्याकडे होता. व्यवस्थापक साहेब स्वतः येऊन घाई करायचे तेव्हा मी म्हणायचे, साहेब, तुम्ही मला दटावू शकता, ठोकळ्याला कसं दटावणार? तेही हसून परत जायचे.

मग फोम फुगवायला नवा गॅस आला. जुना गॅस भिंतीत ऊब चांगली धरायचा, पण बाहेर सुटला की वातावरणाचं वाटोळं करायचा. नवा त्या मानाने गरीब स्वभावाचा. तो यावा म्हणून तू जिथे जिथे भांडलीस तिथे बरोबरच भांडलीस, त्या बाबतीत मी आजही तुझ्या बाजूची आहे. फक्त या नव्या गॅसच्या ठोकळ्यांना सहा दिवस पुरेनात. सातव्या, आठव्या दिवशीही ते आकसतच राहायचे. त्यांना दहा दिवस लागत होते. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, माझ्या वहीत होतं. मी तुला ते दाखवलं, तू माझी वही तासभर वाचलीस, माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणालीस, ताई, तू शास्त्रज्ञ आहेस. आणि साहेबांशी वाद घालून तू दहा दिवसांचा नियम करून घेतलास. त्या नियमाच्या कागदावर तुझी सही आहे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते न कळून झालं असं कुणी म्हणू नये.

पुढे तूच फोन केलास. इमारतीच्या उद्घाटनाची तारीख ठरली होती, मोठी मोठी माणसं येणार होती, आणि उत्तरेकडच्या बाजूचे बोर्ड अजून निघायचे होते. ठोकळ्यांचा सहावा दिवस होता. जेवणाच्या सुट्टीत तुझा फोन आला. आधी तू आईची चौकशी केलीस, मग माझ्या गुडघ्याची. गुडघ्याची चौकशी केलीस तेव्हाच मला समजायला हवं होतं. मग म्हणालीस, ताई, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, सांध्यांवर पट्टी असते, थोडं इकडेतिकडे झालं तरी झाकून जातं. मी नाही म्हटलं. मग तू रडलीस. धाकटे, तू रडलीस की मी देते, हे तुला दोन वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे. माझी पेन्सिल दिली, अंथरुणातली भिंतीपासून लांबची जागा दिली, आणि त्या दुपारी चार दिवस दिले. पण ते चार दिवस माझे नव्हतेच गं. ज्यांची पाठ त्या भिंतींना लागणार होती त्यांचे ते होते.

नुसता शिक्का मारून भागणार नव्हतं, वहीचं पानही जुळायला हवं होतं. मी ते पान फाडलं आणि नव्याने लिहिलं. ठोकळे साच्यातून निघाल्याची तारीख चार दिवस मागे नेली आणि शेवटी चार दिवसांची मापं मनाने घातली. सगळं एका बैठकीत, एकाच पेनाने, आणि शेवटचे चारही आकडे तंतोतंत सारखे. खरा ठोकळा असा कधी वागत नाही, तो शेवटपर्यंत केसभर तरी इकडेतिकडे करतोच. आमच्या कामातल्या कुणीही ते पान नुसतं चाळलं असतं तरी त्याला कळलं असतं की ही बाई खोटं लिहितेय. कुणी चाळलं नाही. बावीस वर्षं खरं लिहिलं की तेविसाव्या वर्षी कुणी तपासत नाही, एवढी माझी पुण्याई.

उद्घाटनाला मी पहिल्या रांगेत होते. तू आईला व्यासपीठावर बोलावलंस, पहिली रहिवासी म्हणून तिच्या हातात किल्ली दिलीस, आणि लहानपणच्या त्या रद्दीच्या भिंतीची गोष्ट सांगितलीस. लोकांनी रुमाल काढले. आईने घरात शिरल्याबरोबर काय केलं आठवतं? झोपायच्या खोलीत जाऊन भिंतीला गाल लावला. म्हणाली, गार नाही. तेव्हा थंडी पडलीच नव्हती, गार कशी लागेल? मी टाळ्या वाजवत होते आणि मनात म्हणत होते, देवा, त्या बोर्डांना यापुढे तरी आकसू देऊ नकोस. अशा गोष्टीत देव पडत नाही.

पहिल्याच थंडीत आईच्या पलंगामागे काळे ठिपके उठले. मी तुला कळवलं. तू भिंतीची ऊब रंगांत दाखवणारा तो कॅमेरा घेऊन आलीस. तू पुढे आणि मी तुझ्या खांद्यामागे उभी. पडद्यावर भिंत नारिंगी दिसत होती आणि तिच्यावर निळ्या रेघा होत्या, उभ्या, आडव्या, पट्टीने आखल्यासारख्या सरळ, सारख्या अंतरावर. वाफेची ओल कोपऱ्यात पसरट आणि वेडीवाकडी दिसते हे तूच मला कधीतरी शिकवलं होतंस. अशा रेघा फक्त बोर्डांच्या सांध्यांवर उमटतात. बोर्ड भिंतीत गेल्यावरही आकसत राहिले, सांधे उघडले, आणि तिथून गारवा शिरून भिंत ओल धरत होती. तू पाहिलंस, मी पाहिलं, आणि मी पाहिलंय हेही तू पाहिलंस. मग तू पडदा छातीशी धरलास, आईकडे वळलीस आणि तिला विचारलंस की स्वयंपाक करताना तू झाकण ठेवतेस ना. चार दिवस मागितलेस ते मी एखादवेळेस माफ करीन, मीही त्यात होते. हे वाक्य माफ करणं मला जमणार नाही. आईचा चेहरा शाळेत उभं केलेल्या मुलीसारखा झाला. आणि मी काय केलं? चहाचे कप उचलून आत गेले. नळ सोडून ते कप मी किती वेळ विसळत होते कोण जाणे. पंधरा दिवसांनी पत्रक आलं.

तिथेच थांबलं असतं तरी एक इमारत बिघडली म्हणून मी आयुष्यभर कुढत बसले असते. पण साहेबांनाही सगळं ठाऊक होतं, गाडी त्यांच्या डोळ्यांसमोर भरली गेली होती. त्यांनी तेव्हा डोळे मिटून घेतले आणि वर्षभराने उघडले. म्हणाले, सहा दिवसांत काढलेल्या बोर्डांची इमारत उत्तम उभी आहे, ओल आहे ती रहिवाशांच्या सवयींची आहे, तसा तज्ज्ञांचा लेखी अहवाल आहे. तज्ज्ञ म्हणजे तू. दहाचा नियम गेला, पुन्हा सहा आले, आणि या वेळी तू वाद घातला नाहीस. मी घातला. साहेबांनी माझी वही काढली, ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि थंडपणे विचारलं, हे अक्षर कुणाचं? दुसऱ्या दिवसापासून मी पॅकिंगला आहे. शिक्का आता नव्या माणसाकडे आहे. स्वभावाने चांगला आहे तो, पण तो ठोकळे मापत नाही, दिवस मोजतो.

डॉक्टरांकडून परत आलो त्याच दुपारी मी ज्यांनी ती भिंत बांधली त्या फिटरभाऊंना बोलावलं. म्हटलं, पलंगामागचं अस्तर कापा, जे होईल ते माझ्यावर. त्यांनी सुरीने आतला पातळ बोर्ड ताटाएवढा कापून काढला. मागे फोमचा सांधा होता. पट्टी एका बाजूने सुटून आली होती आणि मधल्या फटीत माझी पेन्सिल आरपार गेली. वर, खाली, जिथवर हात पोचला तिथवर फट. फिटरभाऊंनी सुरी खाली ठेवली. म्हणाले, ताई, मी हे बोर्ड इतके घट्ट बसवले होते की मध्ये कागद सरकला नसता. वर्षभर मला वाटतंय माझाच हात बसला नाही. बघ, तुझं पत्रक न वाचताही तो माणूस स्वतःलाच दोष देत होता. आईला दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी तिचं बोट धरून फटीवरून फिरवलं. ती म्हणाली, म्हणजे माझ्या वाफेने नाही झालं हे? मी म्हटलं, नाही. आणि मग तिच्यासमोर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं, फोन, वही, कॅमेरा, सगळं. ती रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती उठली, दोन्ही खिडक्या लावून घेतल्या आणि मला चहा टाकायला सांगितलं. मी पत्रक काढायला गेले तर म्हणाली, राहू दे, तिने लिहिलंय ते.

आता हे सगळं तुला ठाऊक असताना मी एवढं मागचं-पुढचं जोडून, परक्या माणसाला सांगावं तसं का लिहिलं, असं तुला वाटलं असेल. मागच्या महिन्यात तू आईला निरोप पाठवलास की दुसऱ्या इमारतीच्या अर्जाला पहिल्या रहिवाशाच्या घरून एक पत्र जोडायचंय, साधं, मनापासून लिहिलेलं, हाताचं. आईला दिसत नाही, तर ताईने लिहावं, तिचं अक्षर चांगलं आहे. दोन प्रती काढाव्यात, एक तुला आणि एक थेट समितीला. समितीचा पत्ता घातलेला लिफाफाही तू पाठवलास. तेच हे पत्र. दोन्ही प्रती शब्दाला शब्द सारख्या आहेत. आईला मी सगळं वाचून दाखवलं. कॅमेऱ्याचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. मला वाटलं होतं ती नको म्हणेल, तुझ्या नावाला जपेल. तिने पेन मागितलं, सही कुठे करायची तिथे माझं बोट ठेवून घेतलं आणि दोन्हीवर सही केली. माझी नोकरी जाईल. तुझं काय काय जाईल ते तुला माहीत. समितीची प्रत मी आज पोस्टात टाकतेय. ही तुझी तीन दिवस माझ्याकडे ठेवून मग पाठवणार आहे, कारण आधी मिळाली तर तू रडत फोन करशील, आणि तू रडलीस की मी देते.

दोषात तुझ्या बरोबरीची, तरीही तुझीच,
ताई

(खाली आईची सही आहे. ओळ सोडून खाली गेलीय, पण तिचीच आहे.)